हृदयाच्या जनुकातली २५ अक्षरं

(नांदगाव खंडेश्वर इथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरात कोणी पन्नाशीत अचानक गेलं की आपण ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून सब्र करतो. सब्र करावाच. पण मागे राहिलेल्या भावा-बहिणींचं हृदय कोण तपासतं?

२००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतले कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आला. हृदयाच्या स्नायूचं एक प्रथिन बनवणाऱ्या ‘एमवायबीपीसी-३’ जनुकात काहींची २५ अक्षरं गळालेली असतात. भारतीय उपखंडात असे लोक सुमारे ४ टक्के. त्या सगळ्यांनाच आजार होतो असं नाही, पण हृदयाचा स्नायू बिघडण्याचा धोका वाढतो, आणि तोही बहुधा उतारवयाकडे. हा बदल अंदाजे ३३ हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा ना मशीद होती, ना मंदिर, ना सरहद्द. म्हणूनच तो इथेही सापडतो आणि पाकिस्तान, श्रीलंकेतही.

मग जनुक-उपचाराचं काय? याच जनुकाची चांगली प्रत निरुपद्रवी विषाणूतून हृदयापर्यंत पोचवण्याची चाचणी अमेरिकेत २०२३ मध्ये रुग्णांवर सुरू झाली. मात्र ती ज्यांच्यात हे प्रथिन कमी पडतं त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडच्या बदलात प्रथिन बनतं, फक्त त्याचं टोक बदलतं. म्हणजे तिकडचं औषध इकडे जसंच्या तसं चालेल असं धरून चालता येत नाही. त्यासाठी आपल्या लोकांवर, आपल्या संमतीने संशोधन व्हावं लागेल. ‘आमच्यावर प्रयोग करतात’ म्हणून दूर राहिलो तर आपलं रक्त त्या अभ्यासात नसेलच. जावं, पण विचारून जावं: काही बिघडलं तर खर्च कोणाचा, मधेच बाहेर पडता येईल का, कागद मराठी-उर्दूत आहे का.

आता थोडं नाजूक. नात्यात लग्न झालं तर मुलाला आई-बाप दोघांकडूनही तोच बदल मिळण्याची शक्यता वाढते. शरियतने अशा लग्नाची मुभा दिली आहे, सक्ती नाही. (मामेबहीण महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू जातींतही करतात, हे फक्त आपल्याला सुनावण्यासारखं नाही.) घराण्यात हृदयाचा आजार असेल तर निकाह ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

जनुक-उपचार यायचा तेव्हा येईल. ईसीजी आणि इको अमरावतीत आजही होतात. जाण्याआधी एका वहीत लिहा: कोण, कितव्या वर्षी, कशाने गेलं. दादीकडचं लिहा आणि नानीकडचंही. बायका कशाने गेल्या, हे आपल्याकडे बहुतेकदा कोणी विचारलेलंच नसतं.