मातृसेवेचा आरंभ

मराठी घरात गर्भवतीचे कौतुक मोठे असते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते, तिला काय खावेसे वाटते याची चौकशी होते. बाळंतपणानंतर अळीव येतात, डिंकाचे लाडू येतात. या रीतीत माया आहे आणि अनुभवाचे शहाणपणही आहे. तथापि गेल्या काही दशकांतील वैद्यकीय संशोधनाने या शहाणपणापुढे एक प्रश्न ठेवला आहे : ही माया फार उशिरा तर जागी होत नाही ना?

या प्रश्नाचा एक मोठा शोध पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घेतला गेला. १९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील विवाहित स्त्रियांची पाहणी सुरू केली. तिचा विशेष असा, की गर्भ राहण्यापूर्वीच स्त्रियांची उंची व वजन मोजून ठेवले होते. त्या मातांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ४२ किलो भरले. त्यांची बालके सरासरी २.७ किलोंची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालके ३.५ किलोंची होती. पुण्याकडच्या बालकांचे स्नायू कमी; परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. दिसायला किरकोळ, पण अंगात मेद बाळगणाऱ्या या देहरचनेत पुढील आयुष्यातील मधुमेहाचे बीज असावे, असे अनुमान निघाले. ज्या माता पालेभाज्या व फळे वरचेवर खात आणि दूध घेत, त्यांची मुले जन्मतः अधिक भरलेली होती, हेही दिसून आले.

त्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. वनस्पतींतून ते मिळत नाही. ते यकृतात साठते आणि हा साठा जमण्यास काळ लागतो. सकस आहाराविना वाढलेल्या मुलीला ही उणीव गरोदरपणाच्या थोड्या महिन्यांत भरून काढणे कठीण जाते.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात झालेल्या प्रयोगानेही हीच दिशा दाखविली. तेथे स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाज्या, फळे व दूध घालून केलेला खाऊ रोज देण्यात आला. एकंदर हिशेबात बालकांचे वजन वाढले नाही. मात्र ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतला होता, त्यांच्या बालकांचे वजन सरासरी सुमारे ४८ ग्रॅमनी अधिक भरले. अतिकृश स्त्रियांच्या पदरी मात्र हा लाभ पडला नाही. वर्षानुवर्षांची उपासमार काही महिन्यांच्या खाऊने फिटत नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

याचे कारण शरीराच्या क्रमातच आहे. गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू ज्यापासून घडतो, ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांत मिटते. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. दवाखान्यात नाव नोंदविले जाते, तेव्हा पायाभरणी होऊन गेलेली असते. शिवाय जिची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नाही अशा मुलीला दिवस गेले, तर माता व गर्भ एकाच ताटातील घासाचे वाटेकरी होतात. कायद्याने मुलीच्या विवाहाला १८ वर्षांची मर्यादा घातली आहे, तिचे महत्त्व येथे कळते.

म्हणूनच २०१२ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी, पाहणीतील मातांची मुले वयात येत असताना, त्यांना ब-१२ जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग आरंभिला. त्यात मुलींबरोबर मुलगेही होते. पुढच्या पिढीचा भार एकट्या आईवर टाकलेला नव्हता. २०१४ मध्ये केंद्र सरकारने १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. गरज केवढी होती आणि आहे, हे एका आकड्यावरून कळते : २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या.

शासनाची गोळी शाळेपर्यंत पोहोचते. घरातल्या ताटापर्यंत पोहोचणे तिला अवघड आहे. कित्येक घरांत मुलगी आईबरोबर शेवटच्या पंगतीला बसते, दुधाचा पेला भावापुढे जातो, आणि तिच्या अशक्तपणाला वयाचा दोष म्हटले जाते. ही वाटणी बदलणे कोणत्याही खात्याच्या हाती नाही. ती घरातील वडीलधाऱ्यांच्या, विशेषतः वाढणाऱ्या हाताच्या अधीन आहे.

मात्र या संशोधनाचा एक विपरीत अर्थ टाळला पाहिजे. तेरा वर्षांच्या मुलीला दूध द्यायचे, ते ती उद्या आई होणार आहे एवढ्याचसाठी नव्हे. ती कदाचित आई होईल, कदाचित होणार नाही. आज तिला शाळेची वाट चालायची आहे, खेळायचे आहे, अभ्यासात मन लावायचे आहे. आणि रक्त कमी असले म्हणजे यातले प्रत्येक काम जड होते. तिची भूक तिची स्वतःची आहे. ती भागविली गेली, तर उद्याच्या बाळाचे हित त्यात आपोआप साधेल. आणि डोहाळजेवणाच्या दिवशी तिला प्रथमच कोणी काही विचारीत आहे, असे होणार नाही.