अंथरूण पाहून गिअर

(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या कामातलं काहीतरी सांग, पण सगळ्यांना कळेल असं." मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहते आणि गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी सॉफ्टवेअर लिहिते. गिअर कधी बदलायचा, किती दाबाने बदलायचा, हे ठरवणारं ते सॉफ्टवेअर. त्यामुळे आज गिअरबॉक्सबद्दलच बोलते. घाबरू नका, आठवीचं विज्ञान पुरेल. समोर आपले विज्ञानाचे सर बसले आहेत, तेव्हा गणितं जपूनच करणार आहे.

आमच्या शेजारी एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ राहतात. तिकडे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून मात्र 'आजोबा'च निघतं. त्यांचं सगळं आयुष्य विलो रनच्या कारखान्यात गेलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे बी-२४ बॉम्बर विमानं बनायची. १९५३ मध्ये जनरल मोटर्सने ती जागा घेतली आणि पुढे २०१० पर्यंत तिथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनत राहिले. आजोबांकडे १९७० सालची शेव्हरोले शेव्हेल आहे. इंजिन ७.४ लिटरचं. ते त्यांनी स्वतः खोलून पुन्हा बांधलं, ताकद वाढवली. आता ते साधारण ८०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. आपल्याकडच्या लहान गाडीच्या सात-आठपट म्हणा.

गाडीला हाताने बदलायचा गिअर होता. आजोबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो जड क्लच दाबणं संपलं. गाडी विकायची किंवा ऑटोमॅटिक बसवायचा, एवढेच दोन रस्ते उरले. पेन्शनीतून बाजूला काढलेले पैसे एकाच गिअरबॉक्सपुरते होते. एकदा निवडला की तोच. मुलगा एक सांगत होता, शर्यतीतले मित्र दुसरं. म्हणून आजोबा माझ्याकडे आले.

त्यांना गाडीकडून दोन गोष्टी हव्या होत्या. एक, ड्रॅग स्ट्रिपवर पळवायची. ड्रॅग स्ट्रिप म्हणजे सरळ पट्टी, पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवे लागतात आणि दहा-बारा सेकंदांत सगळं आटोपतं. कॅलिफोर्नियात १९५० मध्ये सांता आना इथे विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती रीतसर सुरू झाल्या. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही त्या झाल्या आहेत. दुसरी गोष्ट, स्ट्रिपपर्यंत गाडी स्वतः चालवत न्यायची, ट्रेलरवर लादून नाही. शेजारी आजी बसणार. आजींची अट एकच: "गाडीत बोललेलं ऐकू आलं पाहिजे."

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात, आणि निवडीची सगळी अडचण तिथेच आहे.

आधी ऑटोमॅटिक म्हणजे काय ते पाहू. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक सुरू करा, त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. हवेच्या जागी तेल घातलं आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवले की झाला टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन एका पंख्याला जोडलेलं, गिअरबॉक्स दुसऱ्याला. म्हणून सिग्नलला गाडी उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही. मध्ये आणखी एक पातींचं चाक असतं, स्टेटर. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं आणि त्यामुळे सुटताना इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो. त्याच्या मागे गिअर. खंबाटकी घाट चढताना एसटीचा ड्रायव्हर गिअर उतरवतो ना, तेच काम इथे तेलाचा दाब करतो.

शर्यतीत ऑटोमॅटिक का, असं पुष्कळांना वाटतं. हौशी लोकांच्या शर्यतीत बहुधा असं असतं: माझी गाडी किती सेकंदांत जाईल ते मी आधी लिहून द्यायचं. हळू गाडीला तेवढी आघाडी मिळते. आणि लिहून दिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचलात तरी तुम्ही बाद! म्हणजे शर्यत दुसऱ्याशी कमी, स्वतःच्या शब्दाशी जास्त. तिथे दर वेळी तंतोतंत तसाच सुटणारा, तसाच गिअर बदलणारा डबा माणसाच्या हातापायाला भारी पडतो.

आता उमेदवार. मुलाचं म्हणणं होतं, पॉवरग्लाइड. शेव्हरोलेने हा १९५० मध्ये आणला, १९७३ पर्यंत बनवला. गिअर फक्त दोन. ऐकून हसू येतं, पण ड्रॅग शर्यतीत आजही त्याला मान आहे. का, ते आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आजोबांना कागदावर मांडून दाखवलं.

इंजिनाचा टॉर्क ८००, कन्व्हर्टरने दुप्पट केला, १,६००. तीन गिअरच्या टर्बो ४०० मध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.४८, मागच्या डिफरन्शियलचं ३.७३. गुणाकार केला की चाकांवर साधारण १४,८०० न्यूटन-मीटर. २८ इंची चाकाच्या त्रिज्येने भागलं की ढकलणारा जोर सुमारे ४१,६०० न्यूटन. चालकासकट गाडीचं वजन १,८०० किलो, म्हणजे साधारण १७,६०० न्यूटन. जोर वजनाच्या दुपटीहून जास्त! एवढी पकड कुठल्या टायरला असते? चाकं जागच्या जागी फिरणार, धूर होणार, गाडी तिथेच. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.७६ चा. तोच हिशोब केला तर २९,५०० न्यूटन. तोही वजनाच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे तोही पुरून उरतो. ताकद भरपूर असेल तर पहिला गिअर सौम्य असलेलाच बरा. शिवाय डबा हलका, फिरणारे भाग कमी, ताकद खातो कमी, आणि गिअर बदलायचा एकदाच.

मग पॉवरग्लाइडच का नाही? कारण स्ट्रिपवरची दहा सेकंदं सोडली तर उरलेला दिवस रस्त्यावर जातो. जड गाडी गावातल्या रहदारीत दोन गिअरवर पुन्हा पुन्हा सुटते, तेव्हा कन्व्हर्टरमधलं तेल घुसळून तापत राहतं. आणि हायवेवर दुसरा हिशोब आडवा येतो.

ताशी ११२ किलोमीटर, म्हणजे ७० मैल. तिकडच्या हायवेचा हा नेहमीचा वेग. सरळ गिअरमध्ये, म्हणजे १.०० ला, या गाडीचं इंजिन मिनिटाला ३,१३० फेरे घेतं, वर कन्व्हर्टरची घसरण वेगळी. पॉवरग्लाइड असो की टर्बो ४००, वरचा गिअर दोघांचाही १.०० चाच. त्या आवाजात आजींचं बोलणं ऐकू येणं शक्य नाही. ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह असेल तर फेरे २,३५० वर येतात. तीन तासांच्या प्रवासात इंजिनाचे जवळजवळ एक लाख चाळीस हजार फेरे वाचतात. पेट्रोल वाचतं, इंजिनाचं आयुष्य वाढतं आणि गप्पाही होतात.

ओव्हरड्राइव्ह असलेला स्वस्त पर्याय ७००-आर-४, १९८२ चा. पहिला गिअर ३.०६, दुसरा एकदम १.६३. इंजिन ६,५०० फेऱ्यांवर असताना गिअर बदलला की ते ३,५०० च्याही खाली कोसळतं, टर्बो ४०० मध्ये ३,९०० च्या आसपास थांबतं. शिवाय एवढ्या टॉर्कसाठी तो मूळचा बनवलेलाच नाही. आतले भाग बदलून मजबूत करता येतो, पण मग स्वस्ताई कुठे राहिली? दुसऱ्या टोकाला आजचे आठ गिअरचे जर्मन झेडएफ. पहिला ४.७१, शेवटचा ०.६७. २०१८ च्या डॉज डीमनमध्ये याच घराण्यातला डबा होता. डबा उत्तम, पण पन्नास वर्षांच्या गाडीत बसवायचा तर वेगळा संगणक, वेगळी वायरिंग आणि बजेटच्या बाहेरचा खर्च.

राहिले दोन. टर्बो ४००, १९६४ चा. अत्यंत दणकट. त्यात वीज जवळपास नाहीच. गाडीचा वेग फिरत्या वजनांवरून कळतो, इंजिनावरचा भार व्हॅक्यूमवरून, आणि निर्णय घेतो तेलाचा दाब. मी त्याला तेलावर चालणारा संगणक म्हणते. आणि दुसरा त्याचाच वंशज, १९९१ चा फोर-एल-एटी-ई. पहिले तीन गिअर तेच, २.४८, १.४८, १.००, आणि वर चौथा ०.७५ चा. शिवाय हायवेवर कन्व्हर्टरला आतून घट्ट जोडणारा लॉकअप क्लच, म्हणजे घसरणही बंद.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. या डब्यात गिअर ठरवायला फक्त दोन विजेचे व्हॉल्व्ह आहेत, सोलेनॉइड. प्रत्येक चालू किंवा बंद. दोन गुणिले दोन, चार जोड्या, चार गिअर. आपल्या कॉम्प्युटरच्या तासाला शिकलेले शून्य आणि एक, तेच. दोन्ही बंद ही जोडी बनवणाऱ्यांनी दुसऱ्या गिअरला दिली आहे. वायर तुटली, वीज गेली, तरी गाडी दुसऱ्या गिअरवर हळूहळू घरी पोहोचते. बिघाड झाल्यावर माणूस कुठे असेल, याचा विचार ज्याने हे आखताना केला, त्याला मी मनोमन नमस्कार करते. माझ्या नव्या सहकाऱ्यांना पहिल्या आठवड्यात हेच उदाहरण देते.

मैत्रिणींनो, अमेरिकेत 'हॉट रॉड' मासिकाने २००५ मध्ये 'ड्रॅग वीक' सुरू केली. पाच दिवस, वेगवेगळ्या स्ट्रिपवर शर्यती, आणि मधला सुमारे १,६०० किलोमीटरचा प्रवास त्याच गाडीने, रस्त्यावरून. मदतीची गाडी बरोबर आणायची नाही. तिथे नुसती वेगवान गाडी टिकत नाही, घरी परतणारी गाडी टिकते. आजोबांची गरज नेमकी हीच होती. आपल्या भाषेत, अंथरूण पाहून पाय पसरायचे. इथे अंथरूण म्हणजे रस्ता.

फोर-एल-एटी-ई ठरला. त्याचे तोटेही कागदावर लिहिले: जड आहे, लांब आहे, प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागेल, खालचा आडवा पाट सरकवावा लागेल, वेगळा कंट्रोलर लागेल. त्या कंट्रोलरचे आकडे मी भरून देईन, असं कबूल केलं.

पण डबा ठरला म्हणजे काम संपलं नाही. कन्व्हर्टर इंजिनाला साजेसा हवा. तो फार सैल घेतला तर स्ट्रिपवर झकास सुटतो आणि रस्त्यावर तेल उकळवतो. आजोबांना मित्रांनी सुचवला होता त्यापेक्षा एक पायरी घट्ट घ्यायला लावला. दुसरं, तेलासाठी वेगळा कूलर आणि डोळ्यासमोर तापमानाचा काटा. ऑटोमॅटिक डबे बहुतेक वेळा ताकदीने मरत नाहीत, उष्णतेने मरतात.

आणि तिसरं, यावर मी हटूनच बसले: डब्याभोवती संरक्षक कवच. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या नामवंत चालकाच्या गाडीतला दोन गिअरचा डबा सुटतासुटताच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, त्याच्या पावलाचा पुढचा भाग गेला. तेव्हा त्या गाड्यांत चालक इंजिनाच्या मागे, डबा पायांमध्ये घेऊन बसायचा. पुढच्या वर्षी गार्लिट्स इंजिन पाठीमागे असलेली गाडी घेऊन आला, जिंकला, आणि त्या वर्गातल्या सगळ्याच गाड्या बदलल्या. आजोबा म्हणाले, "माझी गाडी काही तेवढी वेगवान नाही." मी म्हटलं, "आजोबा, शेजारी आजी बसणार आहेत." ते गप्प झाले आणि यादीत कवच लिहिलं.

डबा जुन्या गाडीतून काढलेला मिळाला, आजोबांनीच गॅरेजमध्ये उघडला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हेच मॉडेल त्यांच्या लाइनवरून जायचं. क्लचच्या चकत्या बसवताना त्यांचे हात बघण्यासारखे होते. मापाचं पुस्तक उघडं होतं, त्यांनी त्यात क्वचितच पाहिलं. बसवून झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात दोघं दोनशे किलोमीटरवरच्या स्ट्रिपवर गेली. आजोबा दुसऱ्या फेरीत हरले. परत आल्यावर मी आजींना विचारलं, "ऐकू येत होतं ना?" त्या म्हणाल्या, "हो, आणि तिथेच पंचाईत आहे. हे जाता-येता त्या गिअरबॉक्सबद्दलच बोलत होते!"

आपल्यापैकी कुणी गाडी घेईल, कुणी घर, कुणी मुलांसाठी कॉलेज निवडेल. सगळ्यात ताकदवान कोणतं, हा प्रश्न दुसरा ठेवा. रोजचा रस्ता कोणता आणि शेजारी कोण बसणार आहे, हे आधी विचारा. माझ्या वर्गमित्रांपैकी दोघांचं गॅरेज आहे असं आज कळलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला गाठावं, टर्बो ४०० वर वाद घालायला मी तयार आहे.

सर, बाई, तुम्ही शिकवलेला गुणाकार-भागाकार मला अजून पुरतो आहे.