नंबर नेमका कोणासाठी?



देखण्या गाडीला चेहरा असतो, हे मी आधीच मान्य करून टाकतो. स्पोर्ट्स कार समोरून पाहावी. दिव्यांचे तिरके डोळे, जमिनीला टेकत आलेलं नाक, हवा आत घेणारी रुंद जाळी. असा चेहरा घडवायला कारागिरांची बरीच वर्षं खर्ची पडलेली असतात. आणि त्याच चेहऱ्यावर, ऐन नाकाखाली, बंपरला भोकं पाडून नंबरची पाटी ठोकायची? ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांना हा प्रश्न खरोखरच छळतो. आमच्या सोसायटीतल्या एका तरुणानं तो मलाच विचारला. म्हणाला, "चाचा, तुम्ही कवी आहात. तुम्हीच सांगा, ही पाटी शोभते का?"

शोभत नाही, असं मी त्याला सांगितलं. पण पाटीचा प्रश्न शोभेवर सुटणार आहे का?

आधी कायदा पाहू, कारण तो अगदी थोडक्यात आटोपतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातल्या ५० व्या नियमानुसार नंबर पुढेही हवा आणि मागेही हवा. अक्षरं ६५ मिलिमीटर उंचीची असावीत, हेसुद्धा नियमात लिहून ठेवलंय. सरकारी नोंदणीची सुरक्षित पाटी २००१ च्या दुरुस्तीनं आली. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर अशोकचक्राचं चकचकीत चिन्ह, लेझरनं कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवलं की न निघणारं कुलूप. १ एप्रिल २०१९ पासून नवी गाडी ही पाटी घेऊनच शोरूमबाहेर पडते. त्याआधीच्या गाड्यांना ती बसवून घेण्यासाठी आपल्या महाराष्ट्रात २०२५ मध्ये केवढी धावपळ झाली, ते आपण पाहिलंच. स्कूटर असो की कोटीची गाडी, यात सूट कोणालाच नाही.

मग पुढे पाटी नसलेल्या गाड्यांची ती सुंदर छायाचित्रं येतात कुठून? बरीचशी अमेरिकेतून. तिथल्या काही राज्यांत फक्त मागची पाटी पुरते. पण ज्या इटलीत फेरारी आणि लॅम्बोर्गिनी तयार होतात, तिथे पुढची पाटी सक्तीची आहे. पोर्शेच्या जर्मनीतही आहे. तिथल्या कारागिरांनी म्हणूनच वाटा शोधल्या. अल्फा रोमिओनं नाकावरची आपली त्रिकोणी जाळी झाकली जाऊ नये म्हणून अनेक मॉडेल्सवर पाटी एका बाजूला सरकवली. ब्रिटनच्या जॅग्वार ई-टाइपच्या बॉनेटवर तर नंबर सरळ चिकटवला जाई. वृत्ताच्या बंधनातही चांगली ओळ सुचते, हे आम्हा कवींना नवं नाही.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. पाटी कुरूप दिसते म्हणणारेच पसंतीचा नंबर मिळवण्यासाठी रांगेत असतात. कोणाला ०००१ हवा, कोणाला ७८६. त्यासाठी आरटीओत हजारो, कधी लाखो रुपये मोजले जातात. ४१४१ असा वळवून लिहितात की 'दादा' वाचावं, ८०५५ असा की 'बॉस'. म्हणजे पाटीनं मालकाचा तोरा मिरवला तर ती चालते. तिनं मालकाचा पत्ता सांगितला की मात्र ती खुपते.

आता आमचा पाम बीच मार्ग घ्या. वाशीपासून बेलापूरपर्यंत सरळ, रुंद रस्ता. एका अंगाला खाडी आणि खारफुटी. पहाटे तिथे इंजिनांची जी डरकाळी उठते, ती नेरुळ, सीवूड्सकरांच्या ओळखीची आहे. त्याच वेळी फिरायला निघालेली म्हातारी माणसं तो रस्ता ओलांडत असतात. सारसोळ्याचे कोळी बांधव खाडीकडे निघालेले असतात. समोरून गाडी येते तेव्हा त्यांना तिचं फक्त नाक दिसतं. ती आदळून निघून गेली, तर पडलेल्या माणसाला मागची पाटी वाचायला कितीसा वेळ मिळणार?

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे काय झालं, ते आपण विसरलेलो नाही. सतरा वर्षांचा मुलगा पोर्शे चालवत होता. दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते जिवानिशी गेले. त्या गाडीला नंबरच नव्हता. १,७५८ रुपये शुल्क भरलं नाही म्हणून कायमची नोंदणी मार्चपासून रखडली होती. तिथे लोकांनी चालकाला जागच्या जागी पकडलं. पण तो निसटला असता तर?

गाडी निसटली की काय होतं, तेही ऐका. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर मृताच्या घरच्यांना सरकारी योजनेतून मिळतात दोन लाख रुपये, गंभीर जखमीला पन्नास हजार. हेसुद्धा १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी अनुक्रमे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. नंबर हाती असला, तर विमा कंपनीला उत्तर द्यावं लागतं. मग न्यायाधिकरण गेलेल्या माणसाचं वय पाहतं, त्याची कमाई पाहतं, त्याच्या जिवावर किती माणसं जगत होती हे पाहतं आणि भरपाई ठरवतं. एखाद्या घराचं पुढचं आयुष्य त्या चार आकड्यांवर फिरू शकतं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर वरळीत सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनच्या नोंदणीवरूनच पोलीस माहीमच्या घरापर्यंत पोचले होते. पत्र्याचा तुकडा असा बोलतो.

गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपलं नाव गुंफतो. त्या नावानं गझल कुरूप झाली, असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. जे लिहिलं ते माझं, त्याचा जाब मला विचारा, एवढाच त्या नावाचा अर्थ.

आणि एक साधी गोष्ट. स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीची पुढची पाटी कधीच दिसत नाही. ती दिसते फक्त समोरच्याला. तेव्हा ती शोभते का, हे विचारायचंच असेल तर कवीला विचारू नका. पहाटे पाम बीचवर रस्ता ओलांडायला थांबलेल्या म्हाताऱ्याला विचारा.