तोफेचं तोंड आणि डायची जीभ

नागापूर, सुपा, श्रीरामपूरच्या कारखान्यांतून आलेल्या मित्रांनो, पॉलिटेक्निकच्या मुलामुलींनो, आणि अशा व्यासपीठासमोर ज्यांना सहसा कुणी बोलावत नाही त्या डायमेकर मंडळींनो,

आपल्या नगरच्या धातुकामाची गोष्ट मलिक-ए-मैदान तोफेपासून सांगावी लागते. निजामशाहीत, 1549 साली, मुहम्मद बिन हसन रूमी याने ती इथे ओतली. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. वजन सुमारे 55 टन. तिचं तोंड म्हणजे सिंहाचा उघडा जबडा, आणि त्या जबड्यात सापडलेला हत्ती. मागे गुळगुळीत नळी, पुढे दात आणि सोंड. ओतकामात हे साधतं, कारण साचा तिन्ही दिशांना हवा तसा घडवता येतो. अॅल्युमिनियमच्या एक्स्ट्रुजनमध्ये, म्हणजे तापवलेला धातू डायच्या छिद्रातून दाबून बार काढताना, ते कधीच साधणार नाही. तिथे आपल्या हातात असतो फक्त एक छेद. बारच्या पहिल्या मिलिमीटरला जे असेल, तेच शेवटच्या मिलिमीटरला. ही मर्यादा एकदा मनापासून मान्य केली, की त्या एका छेदात किती कामं सामावता येतात ते दिसायला लागतं.

आपल्या भागातल्या एखाद्या पॉलीहाऊसवर जाऊन बघा. कागद ज्या पट्टीत पकडलेला असतो ती अॅल्युमिनियमची पट्टी हातात घ्या. सपाट बूड, दोन बाजू, आणि वर आत वळलेले दोन ओठ. झिगझॅग स्प्रिंग त्या ओठांखाली अडकते आणि कागद ताणलेला राहतो. स्क्रू कागदातून जात नाही, फाटका भाग बदलताना पट्टी काढावी लागत नाही. ज्याने हा छेद पहिल्यांदा काढला त्याचं नाव मला माहीत नाही, पण माझा त्याला नमस्कार आहे. त्याने पट्टीचं तोंड पुरेसं रुंद आणि खोली बेताची ठेवली आहे. का, ते पुढे सांगतो.

दिवाळीत सोऱ्या सगळ्यांनी फिरवला आहे. आपल्या प्रेसमध्ये पिठाच्या जागी 450 ते 500 अंशांपर्यंत तापवलेलं बिलेट असतं. वितळलेलं नाही, नुसतं मऊ. चकतीच्या जागी हॉट डाय स्टीलची डाय. इथवर तुलना सोपी आहे. पण सोऱ्यातून पोकळ शेव काढायची म्हटलं तर? आतली पोकळी राखायला मधोमध काहीतरी हवं, आणि ते अधांतरी राहू शकत नाही, त्याला पाय हवेत. पाय आले की पीठ फाटणार. पोकळ सेक्शनच्या डायमध्ये नेमकं हेच होतं. धातू पायांवर आपटून दोन, तीन, चार प्रवाहांत फुटतो, पुढच्या कप्प्यात दाबाखाली पुन्हा एकमेकांना भिडतो आणि हवेचा स्पर्श न होता सांधला जातो. अशा डायमधून निघालेल्या प्रत्येक चौकोनी नळीत लांबीभर असे सांधे असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण अॅनोडायझिंगनंतर कधी कधी त्यांचा पट्टा उमटतो. म्हणून कोणती बाजू दर्शनी आहे ते ड्रॉइंगवर लिहा. एवढी एक ओळ असली की डायमेकर पाय मागच्या बाजूला वळवू शकतो. आपण ती लिहीत नाही, आणि मग मालाला नावं ठेवतो.

आता माझी चूक. तरुणपणी एका पॅनेलसाठी मी उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांचा, म्हणजे फिनांचा, हीट सिंक काढला होता. फिनांमधली फट 4 मिलिमीटर, खोली 32. उष्णतेचं गणित कागदावर सुरेख जुळलं. फिनांमधली मोकळी जागा म्हणजे डायमध्ये पोलादाची जीभ, एका टोकाला धरलेली, दुसऱ्या टोकाला सुटी. मागून येणारा सगळा दाब ती एकटी झेलते. माझी जीभ तिच्या जाडीच्या आठपट लांब होती. थोडीच बिलेटं निघाली आणि ती मुळातून तुटली. डाय दुरुस्त करणाऱ्या वयस्कर मिस्त्रींनी मला शांतपणे विचारलं, ‘साहेब, एवढ्या फिना कशाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. साधारण तीनपटीच्या आत राहा, एवढंच ते म्हणाले. फट 8 केली, खोली 24, फिनांची संख्या कमी झाली. त्या पॅनेलमध्ये पंखा नव्हता. फट रुंद झाल्यावर हवा मोकळेपणाने वर वाहू लागली आणि तापमान मर्यादेत राहिलं. मर्यादेसाठी केलेल्या बदलाने माझं डिझाइनच सुधारलं होतं. पॉलीहाऊसच्या पट्टीचं रुंद तोंड मला त्यानंतर कळलं.

भिंतींच्या जाडीबद्दल थोडंच बोलतो. एकीकडे 5 आणि दुसरीकडे 1.2 मिलिमीटर ठेवलंत, तर जाड भागातून धातू पळतो, पातळ भागातून रखडतो आणि बार वाकडा बाहेर येतो. डायमेकर जाड जागी बेअरिंग, म्हणजे धातू जिला घासत जातो ती डायची कड, लांब ठेवून त्याला रोखतो, पण त्यालाही मर्यादा आहे. जाडी सारखी ठेवा, बदल हळूहळू करा, कोपऱ्यांना गोलाई द्या. आणि सेक्शन ज्या वर्तुळात मावतो त्याचा व्यास आधी मोजा. सात इंची बिलेटच्या प्रेसवर दीडशे मिलिमीटरच्या पुढे गेलात की अडचणी सुरू होतात. मग मोठा प्रेस शोधा, नाहीतर सेक्शनचे दोन तुकडे करून ते एकमेकांत अडकतील असे काढा. दुसरा मार्ग अनेकदा स्वस्त पडतो.

माझी मागणी एकच आहे. ड्रॉइंगवर मंजुरीची सही होण्याआधी डायमेकरकडे जा. आज आपण ऑर्डर गेल्यावर त्याला फोन करतो, आणि तोही डाय तुटल्यावर. पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे, की मुलांना प्रेस दाखवायला नेता तसं आठवडाभर डाय शॉपमध्ये बसवा. करेक्शन करणारा माणूस बारच्या पहिल्या फुटाकडे बघून डायच्या कुठल्या कडेला किती घासायचं ते ठरवतो. हे ज्ञान अजून बहुतांशी हातांत आहे, आणि ते हात निवृत्त होत आहेत.

ती तुटलेली डाय मी इतकी वर्षं जपून ठेवली आहे. आज सोबत आणली आहे, इथे टेबलावर आहे. चहाच्या सुट्टीत पुढे या, हातात घ्या आणि जीभ जिथून तुटली तिथे बोट फिरवून बघा.