मुलाच्या हाती आलेले काम
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



संस्कृती हा शब्द उच्चारला की सण, उत्सव, पेहराव, कला आणि धर्मग्रंथ डोळ्यांपुढे उभे राहतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र संस्कृती भेटते ती याहून साध्या रूपात. दिवसभर ते कोणाच्या सोबतीत असते, घरातील कोणते काम त्याच्यावर सोपविले जाते आणि कोणते काम ‘हे तुझे नव्हे’ म्हणून त्याच्या हातून काढून घेतले जाते, यांतून समाज त्याला स्वतःची ओळख करून देत असतो. जन्मजात प्रकृतीचा भाग प्रत्येक मुलात असतोच. एका आईची दोन मुलेही सारखी नसतात. तथापि त्या प्रकृतीला वळण लागते ते रोजच्या व्यवहारात, आणि त्या मानाने उपदेशाचा वाटा अल्प असतो.

या विषयाचा एक मोठा अभ्यास जॉन व बिआट्रिस व्हायटिंग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. 1954 पासूनच्या काही वर्षांत संशोधक सहा ठिकाणी जाऊन राहिले. केनियातील गुसी लोकांची न्यानसोंगो ही वस्ती, मेक्सिकोतील हुश्तलावाका येथील मिश्तेक लोकांची वस्ती, फिलिपीन्समधील तारोंग, ओकिनावा बेटावरील तायरा, अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील ‘ऑर्चर्ड टाउन’ असे नाव दिलेले एक गाव आणि उत्तर प्रदेशातील खालापूर येथील राजपूत कुटुंबे, अशी ती सहा ठिकाणे होत. हे खालापूर आपल्या रायगड जिल्ह्यातील नव्हे. 3 ते 11 वर्षे वयाच्या 134 मुलामुलींचे पाच-पाच मिनिटे निरीक्षण करून त्यांच्या कृती व उद्गार यांची नोंद करण्यात आली. या अभ्यासाचा पहिला ग्रंथ 1963 मध्ये आणि मुलांच्या वर्तनाचे विश्लेषण करणारा ग्रंथ 1975 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातून दिसून आले ते असे. न्यानसोंगो, हुश्तलावाका आणि तारोंग येथील मुले दुसऱ्याला मदत देऊ करणे, धीर देणे, जबाबदारीने सूचना करणे याकडे अधिक झुकलेली होती. उलट खालापूर, तायरा आणि ऑर्चर्ड टाउन येथील मुलांमध्ये मदत मागणे, लक्ष वेधून घेणे आणि इतरांवर हुकूम चालविणे यांचे प्रमाण अधिक होते. याचे कारण संशोधकांना मुख्यतः कामाच्या वाटणीत आढळले. पहिल्या तीन ठिकाणी आईवर शेताचा व घराचा भार मोठा असे, म्हणून सहा-सात वर्षांची मुले तान्हे भावंड सांभाळीत, सरपण व पाणी आणीत, गुरे राखीत. खालापूरच्या राजपूत स्त्रिया पडद्यात, घराच्या अंगणातच राहत आणि घरची बरीच कामे परंपरेने इतर जातींची माणसे करीत. मुलांच्या वाट्याला फारसे काम येत नसे. ऑर्चर्ड टाउनच्या मुलाला काम असे ते आपली खोली आवरण्याचे, आपली खेळणी उचलण्याचे. ते राहिले तरी कोणाचे अडत नाही. भावंडाकडे दुर्लक्ष झाले तर ते रडते. गुरे पिकात शिरली तर घरचे धान्य जाते. आपल्या कामावर दुसऱ्याचे काही अवलंबून आहे, हे मुलाला अशा प्रसंगी कोणी न सांगता कळते.

यालाच पूरक असा एक अभ्यास कॅरोल एम्बर यांनी केनियातील लुओ समाजात केला व तो 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे घरकाम मुलींचे मानले जाई. परंतु घरात योग्य वयाची मुलगी नसेल तर ते मुलावर येई. घरातील कामे व तान्ह्याची देखभाल करणारे हे मुलगे इतर मुलग्यांपेक्षा कमी भांडखोर आढळले. मुलगे स्वभावतःच दांडगे आणि मुली स्वभावतःच सोशीक, असे म्हणणाऱ्याने या निष्कर्षाचा शांतपणे विचार करावा.

या अभ्यासांचा विपरीत अर्थ मात्र लावू नये. 134 मुलांवरून सहा समाजांचा निवाडा होत नाही, आणि अमुक जातीची मुले अशीच, असा शिक्का मारण्यास तर त्यात मुळीच आधार नाही. व्हायटिंग यांच्याच निरीक्षणात आणखी एक गोष्ट दिसली. एकच मूल तान्ह्याशी मायेने वागते, सवंगड्याशी भांडते आणि वडीलधाऱ्याकडे हट्ट धरते. म्हणजे सोबत बदलली की वर्तन बदलते. जे सोबतीने व कामाने घडले, ते सोबत व काम बदलून पुन्हा घडविताही येते. शिक्षकाच्या व्यवसायाला अर्थ आहे तो यामुळेच.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. काम मुलाला घडविते, तसे ते मुलाचे बालपण गिळूनही टाकते. भावंड सांभाळण्यासाठी शाळा सोडलेल्या मुलीला जबाबदारीचे आणखी धडे नको असतात. तिला वही, खेळ आणि विश्रांती हवी असते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यात सहभागी झाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबाड येथे गेले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात येतो. तेथील आदिवासी मुले भावंडे सांभाळीत, गुरे चारीत. म्हणून शाळेत येत नसत. या मुलांना शिक्षणाची आवड नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. या दोघींनी तसे केले नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणून त्यांनी विकासवाडी उभारली, तेव्हा बहीण धाकट्याला कडेवर घेऊनच शाळेत येऊ लागली. गुराखी मुलांसाठी कुरणशाळा काढून त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाच्या घरची रीत त्यांनी दोष मानली नाही आणि तिच्यापुढे हातही टेकले नाहीत.

आता शाळेकडे पाहावे. शाळा हीदेखील एक संस्कृतीच आहे. शेजाऱ्याला दिसू नये म्हणून पाटीवर हात धरून बसलेले मूल काय शिकते? झाडू नेहमी मुलींच्या हाती आणि घंटेचा टोला नेहमी मुलांच्या हाती असेल, पिण्याच्या पाण्याच्या हंड्याला कोणी हात लावावा याचा अलिखित नियम अजून कोठे पाळला जात असेल, तर समतेचा पाठ शंभर वेळा गिरवून घेतला तरी मूल शिकते ते झाडूपासून आणि हंड्यापासून.

म्हणून कामाची पाळी फळ्यावर लिहावी. तीत मुलगा-मुलगी व जात असा भेद नसावा. ज्याचा उपयोग दुसऱ्याला होतो असे काम द्यावे: रोपांना पाणी घालणे, वाचनाची पुस्तके वाटणे, आजारी सोबत्याला दिवसाचा अभ्यास सांगणे. चौथीच्या प्रत्येक मुलाकडे पहिलीचे एक मूल सोपवावे. ज्या शाळेत दोनच शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तेथे लहानमोठी मुले एकत्र बसतात ही अडचण मानली जाते. या कामी तीच सोय ठरते. जे मूल वर्गात सर्वांत दांडगे, त्याच्याकडे लहानग्याची काळजी आधी द्यावी. मात्र काम शिक्षा म्हणून देऊ नये, शिक्षकाच्या घरचे देऊ नये, पाठाच्या वेळेत देऊ नये. आणि जे मूल घरून कामाने थकून येते, त्याला पाळीतून वगळावे.

कोणते मूल घरी काय करते, हे प्रत्येक शिक्षकाने या सत्रात विचारून घ्यावे. काही मुलांना अधिक काम देण्याची गरज दिसेल, काहींच्या पालकांना भेटून कामाचा भार कमी करण्याची. मुलाचे स्वास्थ्य या दोहोंच्या मध्ये असते: घराला व वर्गाला आपली गरज आहे हे त्याला कळावे, आणि त्या गरजेखाली ते दडपून जाऊ नये.