वीणा खाली ठेवत नाहीत
(सोलापूर जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात आपण मालाच्या भावाचे बोलतो, कर्जाचे बोलतो, विजेचे बोलतो. आज जरा वेगळे बोलायचे आहे.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. रात्री दोनला पहाऱ्यावरचा माणूस पेंगायला लागला की दुसरा घोंगडी टाकून उठतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. एक सत्तरीचा असो, दुसरा विशीचा असो. यात कोणी मजुरी मागत नाही. (काही कीर्तनकारांच्या बिदाग्या हल्ली कुठे गेल्या आहेत, ते आज नको.)

आषाढात पालख्या आपल्या जिल्ह्यात येतात, ज्ञानोबांची धर्मपुरीला, तुकोबांची अकलूजला. नातेपुते, माळशिरस, वेळापूरच्या वाटेवर, ज्या घरात पेरणीला पैसे नसतात त्या घरची माउलीसुद्धा वारकऱ्यांसाठी भाकऱ्या थापते.

आणि 1947 सालचे पंढरपूर आठवा. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. सनातन्यांचा रोष ओढवून घ्यायला कोण तयार होणार? तनपुरे महाराज तयार झाले. वारकऱ्यांतला कीर्तनकार माणूस, पण त्यांनी आपला मठ दिला. मंदिर खुले झाले.

आता घरचे बोलू. गावात कोणी गेले की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारून पिठले-भाकरी येते. भजनी मंडळ न बोलावता टाळ-मृदंग घेऊन येते आणि स्मशानापर्यंत चालते. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या मयतीला आम्ही अशा भजनांमागून चाललो आहोत. गाव तेरा दिवस त्या घराला सोडत नाही. पंधराव्या दिवशी मात्र त्या घरी वसुलीवाला येतो, आणि आपण येत नाही.

पूर्वी आपल्यात इर्जिक होती. दहा-दहा जोड्या एकाच्या रानात उतरत, मालक फक्त जेवण घाली, भलरी म्हणणाऱ्याचा आवाज शिवेपलीकडे जाई. ट्रॅक्टरने इर्जिक मोडली असे म्हणतात. आम्हांला हे पटत नाही. दहा जोड्यांचे काम एक ट्रॅक्टर करत असेल, तर इर्जिक सोपी व्हायला हवी होती. मोडली ती आपण जाईनासे झालो म्हणून.

उत्तरा-हस्ताच्या पावसावर ज्वारीची पेरणी येईल. कर्ता माणूस गेलेल्या घरांचे रान यंदा पडीक राहू द्यायचे नाही. दाराशी तालुकावार वह्या ठेवल्या आहेत. कोणी ट्रॅक्टर लिहा, कोणी डिझेल, कोणी मालदांडीचे बियाणे. काही नसेल त्याने आपला एक दिवस लिहावा. भजनी मंडळींनाही निरोप द्या, त्या दिवशी टाळ घेऊन बांधावर या म्हणावे. दुपारच्या भाकरीचे बायकांनी आधीच ठरवले आहे. माढा-मोहोळची वही भरत आली, सांगोला-मंगळवेढ्याची अजून कोरी आहे.