आजी-आजोबा : हक्कदार की विश्वस्त?



कुटुंब न्यायालय म्हटले की डोळ्यांसमोर पती-पत्नीचा कलह उभा राहतो. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा हे तेथील नेहमीचे विषय. परंतु त्याच न्यायालयाच्या बाकांवर कधी कधी तिसरी पिढीही बसलेली दिसते. पिकलेले केस, हातात कागदपत्रांची पिशवी आणि मागणी एकच : नातवंड आमच्याकडे राहू द्या. समोर कधी जावई असतो, कधी विधवा सून, कधी व्याही-विहीण, तर कधी पोटचा मुलगाच.

दुधापेक्षा दुधावरची साय अधिक प्रिय, असे मानणारा आपला समाज आहे. त्या सायीसाठी वकीलपत्रे दाखल व्हावीत, ही वेदनादायक गोष्ट खरीच. पण वेदना व्यक्त करून प्रश्न सुटत नाही. आजी-आजोबांचे नातवंडांशी नाते नेमके कोणते? ते हक्काचे की विश्वस्ताचे? या प्रश्नाचे उत्तर आधी घराघरांत मिळाले, तर त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. 'हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६' याच्या सहाव्या कलमानुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता आणि त्यानंतर माता. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असेही तेथे म्हटले आहे. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'त्यानंतर' या शब्दाचा अर्थ 'पित्याच्या मृत्यूनंतर' एवढाच घेण्याचे नाकारले. पिता हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसेल, तर माता नैसर्गिक पालक ठरू शकते, असा न्याय दिला. मात्र या कलमात आजी-आजोबांचा उल्लेख कोठेही नाही. ज्यांनी नातवाला अंगाखांद्यावर वाढविले, त्यांना हे वाचून धक्का बसतो.

याचा अर्थ कायद्याने त्यांना दार बंद केले आहे, असे नव्हे. 'पालक व पाल्य अधिनियम, १८९०' खाली कोणाही नातलगाला वा स्नेह्याला पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पालक नेमताना मुलाचे वय, धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य व कुवत, नात्याची जवळीक, दिवंगत माता-पित्याची इच्छा, हे सारे न्यायालयाने पाहावे, असे सतरावे कलम सांगते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. आणि या सर्वांवर १९५६ च्या कायद्याच्या तेराव्या कलमाचा कळस आहे : अज्ञान बालकाचे हित हाच सर्वोच्च विचार. पित्याचा हक्क त्याच्या खाली, आजोबांची मायाही त्याच्या खालीच.

ही कल्पना परकीयांनी शिकविलेली नव्हे. अज्ञानाला वारशाने मिळालेले धन, तो गुरुगृहाहून परतेपर्यंत अथवा बाल्य सरेपर्यंत राजाने रक्षावे, असा दंडक मनुस्मृतीत आहे. कौटिल्यानेही अज्ञानाची मालमत्ता तो सज्ञान होईपर्यंत विश्वासाने सांभाळण्यास सांगितले आहे. पोरके मूल ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे, ती समाजाने सांभाळावयाची ठेव आहे, हा त्यामागील भाव.

न्यायालयांनी हे तत्त्व प्रत्यक्षात कसे लावले? कोलकात्यातील एका सहा-सात वर्षांच्या मुलाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. आईच्या मृत्यूप्रकरणी पित्यावरच फौजदारी खटला चालू होता. खालच्या न्यायालयांनी नैसर्गिक पालक म्हणून ताबा पित्याकडे दिला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्यायमूर्तींनी मुलाला आपल्या दालनात बोलावून विचारले. त्याने आजी-आजोबांपाशीच राहायचे असल्याचे स्पष्ट सांगितले आणि तो तेथेच राहिला. २००९ साली आणखी एक निकाल आला. बाळंतपणातच माता निवर्तली होती आणि ते बाळ आजीनेच वाढविले होते. तो ताबा आजीकडेच राहिला. पित्याला भेटीचा अधिकार मिळाला.

कोरोनाच्या काळात तर हा प्रश्न असंख्य घरांच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. अहमदाबादच्या एका बालकाने २०२१ च्या मे आणि जून महिन्यांत, जेमतेम एका महिन्याच्या अंतराने, आई-वडील दोघेही गमावले. एका बाजूस वडिलांचे वृद्ध आई-वडील, दुसऱ्या बाजूस मावशी. मावशी वयाने लहान, सरकारी नोकरीत, कुटुंब मोठे. उच्च न्यायालयाने ही तुलना करून ताबा मावशीकडे दिला. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आजी-आजोबांकडे सोपविला. केवळ उत्पन्न, वय वा कुटुंबाचा आकार या मोजपट्टीवर जिव्हाळा मोजता येत नाही, हा त्या निर्णयाचा आशय. वृद्ध म्हणजे निरुपयोगी, या आधुनिक गैरसमजाला त्या निर्णयाने उत्तर दिले.

येथवर ऐकून आजी-आजोबांच्या मनाला दिलासा वाटेल. परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितक्याच मोकळ्या मनाने पाहिली पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका मुलाचा ताबा आईच्या आई-वडिलांकडून काढून पित्याकडे दिला. आईच्या मृत्यूपूर्वी तो सुमारे दहा वर्षे आई-वडिलांच्या सहवासात वाढला होता. पिता सुशिक्षित, सक्षम. त्याच्यावर ठपका नव्हता. अशा पित्यापेक्षा आजी-आजोबांचा दावा वरचढ ठरू शकत नाही, असे न्यायालय म्हणाले. मात्र नातवाला भेटण्याची व्यवस्था त्यांच्यासाठी राखून ठेवली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे एका जुळ्यातील एक मूल आजीपाशी वाढल्याचे प्रकरण आले. आई-वडील दोघेही हयात होते. आजीची माया कितीही खरी असली, तरी त्या मायेतून जन्मदात्यांविरुद्ध ताब्याचा हक्क उत्पन्न होत नाही, असा निर्णय झाला.

वरवर हे निकाल परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा धागा एकच आहे. एके ठिकाणी मूल आजीच्या पदराखाली सुरक्षित होते, म्हणून ते तेथे राहिले. दुसऱ्या ठिकाणी आजीचा पदर मूल आणि जन्मदाता यांच्या मधला पडदा होऊ पाहत होता, म्हणून तो बाजूला सारला गेला.

कटू असले तरी आणखी एक सत्य सांगितले पाहिजे. काही दाव्यांत मुलाच्या मागे विम्याची रक्कम, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई अथवा सदनिका उभी असते. मूल ज्याच्याकडे, व्यवहार त्याच्याकडे, असा हिशेब कधी या बाजूने होतो, कधी त्या बाजूने. कायद्याने येथे बांध घातला आहे. केवळ सांभाळ करतो म्हणून कोणालाही अज्ञानाची मालमत्ता विकता येत नाही. न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी वा गहाण ठेवण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. ज्यांची माया निर्मळ आहे, त्यांनी ही रक्कम मुलाच्या नावे सुरक्षित ठेवण्याची तयारी पहिल्याच तारखेला लेखी दाखवावी. निम्मा संशय तेथेच मावळेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्राला आदर्श शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. सईबाई १६५९ साली निवर्तल्या, तेव्हा शंभूराजे अवघे दोन वर्षांचे होते. आजी जिजाऊंच्या छायेत ते वाढले. पण जिजाऊंनी नातवाला स्वतःपुरते ठेवले नाही. १६६६ साली नऊ वर्षांचा तो नातू पित्यासमवेत आग्र्याच्या वाटेला लागला. जपावे, घडवावे आणि योग्य वेळी हात सोडावा, हे विश्वस्ताचे लक्षण. हक्कदार मूठ आवळतो. विश्वस्त ठेव वाढवून परत करतो.

या कसोटीवर आपली घरे किती उतरतात? लेक गेल्याच्या दुःखात जावयाचे नावही नातवासमोर काढू न देणारे आजोळ आहे. मुलगा गेल्यावर सुनेला माहेरी धाडून नातू मात्र 'आमच्या वंशाचा' म्हणून ठेवून घेणारे घरही आहे. दोन्ही ठिकाणी मोठ्यांचा अहंकार जिंकतो आणि एक लेकरू अर्ध्या गोतावळ्याला मुकते. आई किंवा बाप आधीच गमावलेल्या मुलाकडून त्याचे आजोळ वा त्याचे कूळ हिरावून घेणे, हा त्याच्यावरील दुसरा आघात आहे. त्याच्या मुंजीत, लग्नात उद्या कोण कोण उभे राहणार, हे आजच्या प्रतिज्ञापत्रांतील शब्दांवर ठरत असते. न्यायालयात उच्चारलेला शब्द मागे घेता येतो; मनावर उमटलेला नाही.

उपाय कायद्यात आहेत, तसे कुटुंबातही आहेत. आई-वडिलांनी तरुणपणीच मृत्युपत्र करून, दोघांच्या पश्चात मुलाचा पालक कोण, हे लिहून ठेवावे. १९५६ च्या कायद्यात त्याची सोय आहे. अर्थात हयात आईला डावलण्यासाठी त्याचा वापर होऊ शकत नाही. वाद उपजलाच तर दावा ठोकण्यापूर्वी दोन्हीकडच्या ज्येष्ठांनी एकत्र बसावे. कुटुंब न्यायालयातही समुपदेशक असतात. १९८४ च्या कायद्याचा हेतूच मुळी समेट घडविण्याचा आहे, हे विसरू नये. ताबा एकाकडे राहिला तरी सुट्ट्या, सणवार, दूरध्वनी यांचे दार दुसऱ्यासाठी उघडे ठेवावे. आजी-आजोबांच्या भेटीचा स्वतंत्र हक्क आपल्या कायद्यात अद्याप स्पष्ट शब्दांत नाही. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात आजी-आजोबांच्या सहवासाचा विचार केला आहे. संसदेने त्याकडे लक्ष द्यावे, ही मागणी समाजाने लावून धरली पाहिजे.

आणि जे आजी-आजोबा उतारवयात, थकल्या हातांनी, पोरक्या नातवंडांचे डबे भरत आहेत, त्यांना समाजाचा आधार हवा. शेजाऱ्याने मुलाला शाळेत सोडावे, कार्यकर्त्याने शासकीय योजनेचा अर्ज भरून द्यावा, परिचित वकिलाने पालकत्वाचा आदेश मिळवून द्यावा. कुटुंबव्यवस्थेच्या गौरवाची भाषणे आपण पुष्कळ केली. त्या व्यवस्थेचा खरा कस लागतो तो घरातील मधली पिढी अकाली कोसळते तेव्हा. त्या वेळी दोन्ही बाजूंच्या ज्येष्ठांनी 'मूल कोणाचे?' हे विचारण्याऐवजी 'मुलाचे कोण कोण?' हे विचारले, तर त्या लेकराच्या वाट्याला दावा नव्हे, घर येईल.